आधी वही

चि. ऑपरेटर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन्स येऊन चार महिने झाले, सेट ड्रॉवरमध्ये पडलाय, सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देत नाही, रिपीटरवर (छोट्या सेटचा आवाज उचलून लांबवर पोचवणारं केंद्र) दोनदा हाक मारलीस तर कुणी ओ दिली नाही. आणि शेवटी प्रश्न: 'काका, आधी मोठा सेट घेऊ की ठिपके-रेघांचं मोर्स शिकून जनरल, म्हणजे वरच्या ग्रेडची, परीक्षा देऊ?'

आधी वही घे.

हसू नकोस. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, मोड, समोरच्याचा कॉलसाइन (स्टेशनचं हवेवरचं नाव), आवाज कसा पोचला याचा दिलेला रिपोर्ट, मिळालेला रिपोर्ट, आणि शेवटी शेऱ्यासाठी रुंद रकाना. लॉग, म्हणजे संपर्कांची अशी नोंद, ठेवायचा असतो हे तू परीक्षेत लिहून आलीस. बोरिवलीहून, गोराई रोडवरच्या परीक्षा केंद्रातून परत येताना बहुतेक जण ते बसमध्येच विसरतात. तू दोनदा हाक मारलीस, उत्तर नाही आलं, हे कुठे लिहिलंस? कुठल्या वेळी मारलीस? भरदुपारी ऑफिसच्या वेळेत मारली असशील तर कोण बसलंय तिथे? वहीत असतं तर आज मला विचारावं लागलं नसतं.

लायसन्स टिकवायचं म्हणजे काय, असंही विचारलंयस. कागद टिकतो गं. २० वर्षांचा घे नाहीतर आजन्म घे, पत्ता बदलला तर कळव, झालं. स्टेशन टिकत नाही. तू लिहिलंयस की २६ जुलैसारखं काही झालं तर आपला उपयोग व्हावा. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मोबाइल लागेनात, आणि मी व्हीयू२ कॉलसाइनवाला, वरच्या ग्रेडचा शहाणा घरात सेटसमोर बसलेलो. बॅटरी मेलेली. लॉग उघडला तर शेवटची नोंद एप्रिलची. एप्रिलनंतर सेटच लावला नव्हता, मग बॅटरीचं कळणार कसं? दोन नोंदींमध्ये पंधरा दिवस गेले की समज, स्टेशन आजारी आहे.

याच वहीने मला वाचवलंही आहे. गिरगावच्या चाळीत असताना ऐन मॅचमध्ये टीव्हीवर खरखर आली की अख्खा मजला माझ्या दारात. 'तुमच्या त्या टिकटिकीमुळे!' एकदा मी वही गॅलरीत नेऊन सगळ्यांसमोर उघडली. त्या दिवशी मी हवेवर आलोच नव्हतो. शेवटी खरखर कुणाच्या ट्यूबलाइटच्या सैल चोकची निघाली. माफी कुणी मागितली नाही, ते सोड.

आता जे सांगतो ते क्लबात कधी सांगितलं नाही. १९८६ चा डिसेंबर, पहाटेचे चार, ७ मेगाहर्ट्झ, मोर्स. पोलंडचा एक स्टेशन मला हाक मारतोय, अगदी सावकाश, मध्येच अडखळत. दहा मिनिटं बोललो. मी नोंद केली १२ तारखेला पहाटे चारची, म्हणजे आपल्या घड्याळाची. दीड वर्षाने ब्यूरोतून, म्हणजे हॅम लोकांची कार्डं वाटणाऱ्या केंद्रातून, त्याचं क्यूएसएल कार्ड, संपर्काची पोचपावती, आलं. त्यावर ११ तारीख, २२.३० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तासांचं वजाबाकीचं गणित, शाळेतलं पोर करील. पण समोर साठेक कार्डांचा गठ्ठा होता, रात्रपाळी करून आलो होतो, ११ तारखेचं पान उघडलं, तिथे काही नव्हतं. कार्डावर 'लॉगमध्ये नोंद नाही' लिहून परत पाठवलं. म्हणजे सभ्य भाषेत, तू खोटं बोलतोस.

चाळ सोडून दहिसरला आलो तेव्हा वह्या बांधताना ते पान समोर आलं. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: 'मुलगा, वय १६. भारत पहिल्यांदाच.'

रात्रपाळी होती हे खरं आहे. त्या काळी माझ्यासारखे स्थानिक वेळ लिहिणारे आणखीही होते. सगळं खरं आहे. म्हणूनच तुला सांगतोय: वेळ यूटीसीत लिही, त्याच क्षणी लिही, रात्री आठवून लिहू नकोस. टेबलावर दुसरं घड्याळ ठेव, साडेपाच तास मागे लावलेलं. लोक मला हटवादी म्हणतात. म्हणोत. आमची ही तर माझ्या एकवीस वह्यांना कपाटातल्या सवती म्हणते.

बाकीचं भरभर सांगतो. मोठा सेट आत्ता नको. मोर्सचं एवढं ओझं घेऊ नकोस, जनरलला मिनिटाला ८ शब्द लागतात. लोकलमध्ये इयरफोन लावून रोज वीस मिनिटं ऐक, ठिपके-रेघा मोजू नकोस, अक्षराचा आवाज ओळख. तुझ्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या लायसन्सवर लांब पल्ल्याची शॉर्टवेव्हही मिळते, त्यामुळे वाट बघत बसायचं कारण नाही. ७ मेगाहर्ट्झच्या डायपोलला, म्हणजे साध्या तारेच्या अँटेनाला, २० मीटर तार लागते, ती तुमच्या बाल्कनीत मावणार नाही. १४ मेगाहर्ट्झला १० मीटर पुरते, तीही मधून वाकवून चालते. हातातल्या छोट्या सेटसाठी तर जेमतेम अर्ध्या मीटरचा दांडा, घरी बनव. लॅमिंग्टन रोडला कोएक्स, म्हणजे अँटेनाची केबल, मीटरवर मिळते. कनेक्टर मात्र दोन जास्तीचे घे, पहिला तू सोल्डरिंगमध्ये जाळशील. मी तीन जाळले.

येत्या रविवारी सकाळी सातला मी रिपीटरवर असेन. वही उघडी ठेवून ये. पहिल्या ओळीत माझा कॉलसाइन लिही आणि वेळ दीडची टाक, सातची नाही.

तुझा,
काका

ता. क. सेक्रेटरींकडे जाताना तारेचा हातभर तुकडा बरोबर ने. 'अँटेना' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइलचा टॉवर उभा राहतो. तार हातात दे, मग परवानगी माग. आणि काय म्हणाले, कुठल्या तारखेला, तेही लिहून ठेव.