शेवटून पहिली

अगं,

काल फोनवर तू अर्धा तास बोललीस, त्याचा अर्थ एवढाच की हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेच्या ट्रेकला लीड, म्हणजे आघाडी, क्लबमधल्या त्या मुलाला मिळाली आणि तुला शेपटीला टाकलं. मुलगी म्हणून टाकलं का, ते मला इथे बसून कसं कळणार? तसं वाटत असेल तर क्लबच्या मीटिंगमध्ये सरळ विचार, मनात कुढत बसू नकोस. पण बॅकलीड, रांगेच्या अगदी शेवटी राहून सगळ्यांना सांभाळणं, म्हणजे कुणाला तरी द्यायचं म्हणून दिलेलं काम, हे तुझं गृहीतक चुकीचं आहे.

हरिश्चंद्रगडावर पाचनईवरून हौशी मंडळीही जातात. खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट दमवते, पण ती मळलेली आहे. पायथ्याच्या बेलपाड्याहून नळीने, म्हणजे अरुंद घळीतून, चढणं हे प्रकरण निराळं. आधी ओढ्याच्या पात्रातले भलेमोठे धोंडे, मग घळ आवळत जाते, पायाखाली सुट्या दगडमातीचा घसारा लागतो आणि मधेमधे कातळटप्पे. उंची कमवायची हजार मीटरच्या आसपास. या वाटेचा खरा शत्रू म्हणजे सुटणारा दगड. आता विचार कर, आघाडीच्या माणसाच्या डोक्यावर आभाळ असतं. तुझ्या डोक्यावर तेरा जणांचे बूट असणार.

म्हणून हेल्मेट घळीच्या तोंडाशीच चढव, टप्पा आल्यावर नाही. ‘दगड!’ अशी हाळी आली की मान वर करून बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. आणि रांग लांबू द्यायची नाही. दोन हातांवरून सुटलेला दगड बुटाने अडवता येतो, पन्नास फुटांवरून आलेला नाही. एकतर सगळे लागून चढा, नाहीतर चौघं वरच्या आडोशाला पोचेपर्यंत बाकीच्यांना दगडाच्या वाटेतून बाजूला, कडेच्या कातळाखाली थांबव. पुढच्याला हे सुचेलच असं नाही, त्याचं लक्ष वाटेवर असतं. तू ओरडून सांग.

कातळटप्प्यावर आणखी एक गोम आहे. प्रत्येकाची दोराची गाठ कुणीतरी दुसरं तपासतं. सगळे वर गेले, दोर तुझ्यासाठी खाली आला, की तुझी गाठ बघायला कोणीच उरत नाही. हार्नेसचं, म्हणजे दोर बांधायच्या कमरपट्ट्याचं, बकल तुझ्या आधीच्या माणसाकडून तो चढायच्या आत तपासून घे. आठाची गाठ मात्र तुझी तुलाच बघायची आहे. मी बोटाने दोराचा माग काढत मोठ्याने बोलते. लोक हसतात. हसू देत. वरून ‘बिले रेडी’, म्हणजे तुझा दोर सांभाळायला वरचा तयार आहे, असं ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, मग वारा कितीही असो.

आता माझंच एक सांगते. दुसऱ्या वर्षाला याच वाटेला मी आघाडीला होते आणि केवढी तरी फुशारकी होती. कोकणकड्यावर पोचलो आणि सगळे कड्याच्या टोकाशी पालथे पडून खाली बघू लागलो. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सला दिसलेलं इंद्रवज्र, सूर्य पाठीशी असताना समोरच्या धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, आम्हाला हवं होतं. संध्याकाळची वेळ, सूर्य समोर, धुक्याचा पत्ता नाही, आणि आम्ही इंद्रवज्र शोधतोय! कुणीतरी डोकी मोजली तेव्हा चौदाची तेरा भरली. चौदावा पोरगा खाली कारवीत बसला होता, दोन्ही पोटऱ्यांत गोळे, बाटली रिकामी. शेवटच्या माणसाला म्हणाला होता, ‘तू हो पुढे, मी आलोच.’ आणि तो झाला पुढे. त्या पोराला वर आणेपर्यंत साडेसात वाजले, हेडटॉर्च तिघांकडेच. दोष एकट्या त्या शेवटच्या माणसाचा नव्हता. मी दिवसभरात एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

तेव्हा ‘आलोच’वर विश्वास ठेवायचा नाही. तुझ्या मागे कुणीही राहता कामा नये. कुणी लघवीला थांबलं तर तूही थांब, पाठ फिरवून. बडबड्या माणूस गप्प झाला, कुणी पाणी प्यायचं सोडलं, सपाटीवर ठेचकाळायला लागलं, की सॅक उतरवायला लाव आणि समोर उभं राहून इलेक्ट्रल प्यायला लाव. ‘दहा मिनिटांत आलं’ असा खोटा धीर देणं बंद. आपल्या ट्रेकर लोकांच्या दहा मिनिटांनी आजवर किती जणांना रडवलंय!

विश्रांतीचंही आधीच ठरवून टाक. पुढचे दगडावर पाय पसरून चिक्की खातात, मागचे धापा टाकत पोचतात आणि हे म्हणतात, ‘आले का? चला!’ म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला बसायलाच मिळत नाही. तू पोचलीस की त्या मिनिटापासून थांबा मोजायचा, हे लीडला बेलपाड्यातच बजाव.

पहाटे निघा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपार कलली की ऊन सरळ अंगावर येतं आणि कातळ तापतो. पाणी माणशी पाच लिटर, घळीतल्या पाण्याच्या भरवशावर नको. डीओ, अत्तर घरीच राहू दे, मोहोळं असतात.

शुक्रवारी सातनंतर ये आणि माझं हेल्मेट घेऊन जा. पट्टा नवा बसवलाय, पण तुझ्या डोक्याला सैल होईल. इथेच घालून बघ. आणि येताना चौदा जणांची यादी आण, कोण पहिल्यांदाच येतंय त्यावर खूण करून.

तुझी ताई