मांस चिवट, गाजरांचा लगदा

प्रश्न : पहिल्यांदाच बीफ रोस्ट केला. खांद्याचा दीड किलोचा तुकडा गाजर-बटाट्यांसोबत दोन तास ओव्हनमध्ये ठेवला. मांस चिवट राहिलं, गाजरांचा मात्र लगदा झाला. काय चुकलं?

उत्तर : तुम्ही तो लवकर बाहेर काढलात. खांद्याच्या मांसात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर असतं, ते विरघळायला वेळ लागतोच. १५० अंश सेल्सिअसवर, घट्ट झाकण लावून, साडेतीन तास तरी द्या. घड्याळापेक्षा जेवणाच्या काट्यावर (फोर्कवर) विश्वास ठेवा: खुपसून फिरवला की धागे अलगद सुटले पाहिजेत. अडकला, तर परत आत. गाजर, बटाटे मोठे चिरून शेवटच्या तासाभरातच घाला.

आणि सुरुवातीची घाई कृपा करून करू नका. मांस टिपून अगदी कोरडं करा, मीठ चोळा, तापलेल्या तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस परता. ओलं मांस नुसतं वाफाळतं, त्याला रंग येत नाही. भांड्याच्या तळाला जो तपकिरी थर धरतो, त्यावर कपभर गरम पाणी ओतून उलथन्याने खरवडा. मला विचाराल, तर रश्शाची निम्मी चव तिथेच आहे! बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं थांबा, मग धाग्यांना आडवं कापा.