सेकंड-हँड एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे: दोष आपल्या उन्हाचा की मशीनचाच?

दादा, तुमच्या एक्सबॉक्स ३६० वर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मायक्रोसॉफ्टच्या मशीनवर, तीन लाल दिवे लागले म्हणजे आत बिघाड झाला. दारव्ह्याच्या उन्हानं अन् घडीघडी लाईट गेल्यानं मशीन गेली, हे दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मूळ दोष बनावटीतला. तापून-थंड होऊन ग्राफिक्स चिपचे (पडद्यावर चित्र काढणारी चिप) बारीक जोड तडकतात. आपला मे महिना ते लवकर घडवतो, एवढंच.

२००५ मध्ये आलेल्या या मशीनबद्दल मायक्रोसॉफ्ट आधी 'बिघाडाचं प्रमाण नेहमीसारखंच' म्हणत होती, अन् गेमिंग प्रेसमध्ये ते जसंच्या तसं छापून आलं. गिऱ्हाईक ओरडत होतं, त्याला कोणी विचारलं नाही, याचा मला आजही राग येतो. जुलै २००७ मध्ये या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांची झाली, अन् दुरुस्तीपोटी कंपनीला १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

हीट गन (गरम हवा मारायचं यंत्र) मारून जोड पक्के करून देणाऱ्याला पैसे देऊ नका, दिवे बहुतेक परत येतात. घ्यायचीच तर २०१० चं 'एस' मॉडेल पाहा.