वरून लायका, आतून झोर्की

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारात सोनेरी मुलाम्याचा लायका, म्हणजे जुना जर्मन कॅमेरा, पाहिला. वर ‘बर्लिन १९३६’ कोरलंय. दुकानदार २५ हजार सांगतो. घेऊ का?

उत्तर : शोकेससाठी हवा असेल तर घासाघीस करून घ्या, लायका म्हणून नको. वरचं कोरीवकाम जितकं भरगच्च, तितका माझा संशय पक्का. असे ‘लायका’ बहुधा फेड किंवा झोर्की हे सोव्हिएत कॅमेरे निघतात. फेड खारकिवमध्ये १९३४ पासून बनला, झोर्की १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये. दोन्ही लायका-२ वरून बेतलेले, त्यामुळे मूळ नाव घासून नवं कोरलं की झालं.

लेन्स आट्यांची असते, फिरवून काढा. आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेचा, दांडा दिसेल. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, बोटानं फिरतं. फेड-झोर्कीत तिथे पाचरीसारखा सपाट तुकडा असतो. मग लेन्समध्ये समोरून डोकावा. लायकाच्या खऱ्या ५० मिमी एल्मार लेन्समध्ये ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या, पात्या पहिल्याच काचेमागे असतात, झोर्कीच्या इंडस्टार-२२ लेन्समध्ये दुसऱ्या काचेमागे. नाव बदलता येतं, पात्यांची जागा नाही. मला वाईट वाटतं ते या सोंगापायी खरवडल्या गेलेल्या चांगल्या झोर्कींचं.

प्रश्न : आजोबांच्या फेडवर रशियन अक्षरांत ‘एनकेव्हीडी’ आहे. हा गुप्तहेरांचा कॅमेरा का?

उत्तर : नाही हो! फेड म्हणजे फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. त्याच्या नावाची, अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची श्रमवसाहत खारकिवजवळ होती. कॅमेरे तिथे बनायचे आणि वसाहत एनकेव्हीडीच्या, म्हणजे गुप्त पोलीस ज्याच्या हाताखाली होते त्या सोव्हिएत गृहखात्याच्या, अखत्यारीत होती, म्हणून युद्धापूर्वीच्या फेडवर ती अक्षरं येतात. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर ती असणं रास्तच. फक्त अक्षरांच्या खाचांत बोट फिरवून पाहा. आजूबाजूचा मुलामा झिजलेला आणि खाचा मात्र करकरीत असतील, तर कोरीवकाम नंतरचं. आणि शटरची चाबी भरल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नका.

प्रश्न : माझ्या झेनिट-ई या सोव्हिएत कॅमेऱ्यावर मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह आहे. दुर्मीळ म्हणतात.

उत्तर : चिन्ह खरं असेल, दुर्मीळ नाही. १९८० च्या ऑलिंपिकनिमित्त असे ढिगानं निघाले. त्यापेक्षा वरचा उजेड मोजणारा मीटर उन्हात धरा. सेलेनियमचा आहे, बॅटरी लागत नाही. काटा हलला तर शंभर-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही.