वाचकांचे प्रश्न : तारेवर चालणारा साइड मिरर

प्रश्न : आमच्याकडे १९६५ सालची शेव्हरले इम्पाला आहे. ड्रायव्हरच्या दाराचा आरसा आतल्या छोट्या दांडीने हलतो. आता दांडी कशीही फिरवली तरी एका बाजूला काच येतच नाही. दोन गॅरेजवाल्यांनी पूर्ण आरसा बदलायला सांगितले. दुरुस्ती होऊ शकते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होऊ शकते. मूळचा आरसा अजिबात फेकू नका. लक्षणांवरून तीनपैकी एक तार तुटलेली दिसते. काचेमागच्या पट्टीला मधोमध गोल सांधा असतो आणि त्याभोवती साधारण १२० अंशांच्या अंतराने तीन तारा अडकवलेल्या असतात. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून एक तुटली की त्या बाजूला काच खेचणारे काहीच उरत नाही. तार मध्यावर क्वचितच तुटते. तुटते ती टोकाच्या निपलपाशी (तारेच्या टोकाला डागलेला, तिला अडकवून धरणारा धातूचा छोटा तुकडा), कारण प्रत्येक वेळी ती तिथेच वाकते. शिवाय आरशातून शिरलेले पावसाचे पाणी तारांवरच्या नळीसारख्या आवरणातून खाली उतरून दांडीकडच्या टोकाशी साचते. त्यामुळे तपासणी दांडीकडून सुरू करा. काच काढायची वेळच कदाचित येणार नाही.

खिडकीची काच पूर्ण वर घ्या. दांडीभोवतीच्या क्रोमच्या रिंगमध्ये बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) असतो, तो आधी सैल करून दांडी मोकळी करा. त्याला इंचाच्या मापाची ॲलन की लागते. मिलिमीटरची की ‘जवळपास बसते’ म्हणून वापरली तर स्क्रूचा खाचा गोल होतो आणि मग तो ड्रिलनेच काढावा लागतो. त्यानंतर वाइंडर (खिडकीची काच वरखाली करायचे हँडल), आर्मरेस्ट आणि दाराचा पॅड काढा. केबल आतल्या पत्र्याला जिथे जिथे क्लिपने धरली आहे त्या जागांचे फोटो घ्या. आता दांडीला एक मजबूत दोरा बांधा आणि मग आरशाचे स्क्रू काढून सगळे बाहेर ओढा. दोरा दारात तसाच राहू द्या. परत बसवताना केबल त्याच वाटेने खेचता येते आणि खिडकीच्या काचेच्या मार्गात येत नाही.

तारा सोडवण्याआधी तिन्हींना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा. दोन तारांची अदलाबदल झाली, तर दांडी एकीकडे आणि काच भलतीकडे जाते.

नव्या तारेसाठी जुनीची जाडी व्हर्नियरने मोजा. सायकलच्या गिअरची इनर तार १.१ ते १.२ मिमीची असते. मूळ तार तेवढीच असेल तर ती चालेल. ब्रेकची तार साधारण १.५ मिमीची, ती घेऊ नका. आवरणात घासून दांडी जड होते. निपल मात्र जुन्याच्या मापाचे पितळेचे करून घ्यावे लागते. लेथवाल्याला नमुना द्या आणि भोकाचे बाहेरचे तोंड थोडे पसरट करायला सांगा. तार त्यातून काढून टोकाचे पेड (तारेतले बारीक धागे) पसरवा, मागे ओढून त्या पसरट तोंडात बसवा आणि डाग द्या. तार नुसती सरळ घालून डाग दिला तर ताण आल्यावर निसटते. ६०/४० सोल्डर (कथील-शिशाचे) पुरते. स्टीलची तार स्टेनलेस असेल तर साध्या राळेवर डाग धरत नाही, ॲसिड फ्लक्स (डाग धरावा म्हणून आधी लावायचे आम्लाचे द्रव्य) लागते. नंतर ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. निपलच्या खालची तार ओल्या फडक्यात धरा. सोल्डर तारेत वर चढले की तेवढा भाग कडक होतो आणि त्याच्या कडेशी तार पुन्हा तुटते.

सगळ्यात जास्त चूक होते ती लांबीत. तारेची एकूण लांबी जुळवून भागत नाही. दोन निपलांमधली तार वजा आवरणाची लांबी, ही मोकळी लांबी जुळली पाहिजे. शाबूत असलेल्या दोन तारांवरून ती काढा आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका. तार लांब राहिली तर दांडी काही अंश रिकामी फिरते. आखूड झाली तर दांडी मध्यावर असतानाही काच तिरपी बसते. जोडणी आधी टेबलावर करून चारही दिशांना फिरवून बघा, मगच गाडीवर चढवा.

प्रश्न : दांडी फार जड झाली आहे. गंज सोडवणारा स्प्रे मारला की आठवडाभर हलकी चालते, पुन्हा तेच.
– एक वाचक, पणजी

उत्तर : स्प्रे गंज सोडवतो, पण त्यातले पातळ तेल टिकत नाही. केबल काढून टांगा, वरच्या टोकातून रॉकेल सोडा आणि खालून स्वच्छ थेंब येईपर्यंत तार पुढेमागे करा. वाळल्यावर शिलाई मशीनचे तेल घाला. ग्रीस नको, ते घट्ट होऊन पुन्हा जाम करते. आवरण कुठे चेपले किंवा मुडपले असेल तर कोणतेही तेल उपयोगाचे नाही, तो भाग बदलाच.

प्रश्न : गाडी वेगात असताना आरशातले चित्र थरथरते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काच दोन बोटांनी हलवून बघा. पट्टीसकट हलत असेल तर सांध्यावरची स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा तारा सैल आहेत. नुसती काच हलत असेल तर चिकट सुटला आहे. काचेवर टेप लावा, हेअर ड्रायरने सावकाश गरम करा आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याने मागचा चिकट कापून काढा. पुन्हा चिकटवताना न्यूट्रल सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन आरशाच्या मागचा चांदीचा थर खाते आणि काही महिन्यांत काळे डाग दिसू लागतात. २४ तास टेपने धरून ठेवा, तोवर दांडीला हात लावू नका.