अखंड दिव्याची वात : नव्याने दिवा लावणाऱ्यासाठी
कानबाईच्या (खान्देशातील देवीच्या उत्सवाच्या) रात्री निम्मे तेल शिल्लक असतानाही तुमचा दिवा विझला, यात तेलाचा दोष नव्हता; वात फार घट्ट वळली गेली होती. कापसाच्या तंतूंमधील बारीक फटींतून तेल केशाकर्षणाने वर चढते, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि प्रत्यक्षात जळते ती ही वाफ. तेल पोहोचते आहे तोवर कापूस फारसा जळत नाही, पण पुरवठा कमी पडताच टोक कोळपते आणि त्या काजळलेल्या टोकातून तेल आणखीच कमी चढते. म्हणून वळताना बोटांवर जोर देऊ नये. चिमटीत धरल्यावर वात किंचित दबली पाहिजे. मात्र अगदी सैलही नको, कारण रुंद फटींतून तेल उंच चढत नाही.

आपल्या खान्देशात शेतातला कापूस सहज मिळतो, तोच सरकी काढून हाताने पिंजावा. त्याच्या तंतूंवरील नैसर्गिक मेणामुळे तेल चांगले धरले जाते. औषधाच्या दुकानातील कापसाचे हे मेण काढून टाकलेले असते. पेटवण्यापूर्वी वात तेलात पूर्ण मुरू द्यावी, एवढी सबुरी मी तुमच्याकडून आग्रहाने मागतो.

एरंडेल दाट असल्याने सावकाश चढते आणि खोबरेल तर सुमारे 24 अंशांखाली गोठू लागते, तेव्हा धुळ्या-जळगावच्या थंडीत तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरावे. पातळी खाली गेली की तेलाला चढण अधिक पडते, म्हणून दिवा निम्मा होण्याआधीच कडेने हळूहळू तेल घालावे.