प्रवास सांगताना मुक्कामाची घरेही सांगावीत

आपण विचारले आहे, की आपल्या जिल्हा परिषद शाळेतील बहुतेक मुले शेतमजुरांच्या आणि आदिवासी घरांतील असताना त्यांना वंचित घरांतून आलेल्या शास्त्रज्ञांच्या जीवनकथा सांगाव्यात का, सांगायच्या तर कोणाच्या, आणि त्या ऐकून पाडा न सोडलेल्या मुलांना खरोखर काही बळ मिळते का. सातवीतील एका हुशार मुलीचा आपण खास उल्लेख केला आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात १९ वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. माझे वडील अमळनेर तालुक्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारे शेतगडी होते. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचे साल नव्याने ठरत असे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी शिक्षक म्हणून देतो आहे, तसेच त्या बाकावर बसलेला मुलगा म्हणूनही.

या कथा जरूर सांगाव्यात. मात्र आपल्याला लहानपणी ज्या रीतीने त्या सांगितल्या गेल्या, त्या रीतीने सांगू नयेत. अनवाणी पाय, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास आणि त्यानंतर एकदम मोठे पद, एवढेच ऐकलेल्या मुलाला वाटते की त्या माणसाची घडणच निराळी होती. मधली वर्षे तो कुठे राहिला, कोणाच्या घरी जेवला, फी कोणी भरली, शाळेची भाषा त्याला कधी उमगू लागली, हे सारे गाळले जाते. आणि आपल्याकडच्या मुलांची शाळा सुटते ती नेमकी याच प्रश्नांपाशी.

खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचे उदाहरण घ्या. ढाक्याजवळच्या शेवडातली गावात १८९३ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छोटे किराणा दुकान होते, भावंडे आठ, आणि प्राथमिक शाळा संपली की मुलाने दुकानात बसावे अशी घरची अपेक्षा होती. पुढची शाळा काही मैल दूर होती. त्या गावचे डॉक्टर अनंतकुमार दास यांनी मुलाला घरी ठेवून घेतले. मुलाने गायीची देखभाल करायची आणि आपले ताट आपणच धुवायचे, असे ठरले. ताटाच्या त्या अटीमागे जातिभेद होता. तरीही शाळा चालू राहिली ती त्याच घरामुळे. पुढे ढाक्याला शिकताना थोरला भाऊ ताग कंपनीतील आपल्या महिना २० रुपयांच्या पगारातून ५ रुपये पाठवत असे. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निषेधात भाग घेतल्याबद्दल शाळेने त्यांना काढून टाकले आणि शिष्यवृत्तीही गेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसण्याची मुभा त्यांना नव्हती. याच साहांनी १९२० मध्ये ते समीकरण मांडले, ज्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशपटातील रेषांवरून त्याच्या वातावरणाचे तापमान काढता येऊ लागले. तापमान व दाब यांनुसार अणूंमधील इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटे होतात हे एकदा कळले, की ताऱ्यांच्या रेषा वेगवेगळ्या का दिसतात याचा उलगडा होतो. मी हे समीकरण शिकवतो तेव्हा भावाच्या ५ रुपयांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. वर्गातील अनेकांचे थोरले भाऊ त्या वेळी गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असतात.

अमेरिकेतील कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला परिचित आहेत, पण खान्देशातील मुलांना ते दोन कारणांसाठी सांगावेत. पहिले कारण पुन्हा मुक्कामाचेच आहे. गुलामीत जन्मलेल्या या मुलाला मिसुरीतील डायमंड गावच्या शाळेत काळा म्हणून प्रवेश नव्हता, म्हणून तो निओशो गावी चालत गेला. तेथे मरायाह वॉटकिन्स या बाईंनी त्याला घरात घेतले. लोकांचे कपडे धुणे आणि बाळंतपणे करणे यांवर त्यांचा चरितार्थ चाले, आणि मुलगा शाळा सांभाळून धुण्यात हात लावत असे. पुढे १८८५ मध्ये कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने पत्राने दिलेला प्रवेश, मुलगा प्रत्यक्ष काळा दिसताच, नाकारला. आयोवातील कृषी महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला तो १८९१ मध्ये, आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते अलाबामातील टस्कगीच्या संस्थेत शिकवायला गेले.

दुसरे कारण मला अधिक जवळचे वाटते. वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेऊन अलाबामाची जमीन निकस झाली होती. कार्व्हर यांनी चवळी आणि भुईमूग घ्यायला सांगितले, आणि १९०६ पासून घोडागाडीत अवजारे व नमुने घालून ही फिरती शाळा शेतकऱ्यांच्या दारी नेण्यात आली. मूग-उडदाच्या किंवा भुईमुगाच्या बेवडावर, म्हणजे आधी ती पिके घेतलेल्या रानात, कपाशी चांगली येते, हे माझ्या वडिलांना ठाऊक होते. ते निरक्षर होते. अकरावीत मी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नायट्रोजन कसा बांधून ठेवतात हे इंग्रजीतून पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. हा धडा म्हणजेच आमच्या वावरातला बेवड आहे, हे मात्र मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळले. तोपर्यंत घरात काही ज्ञान आहे असे मला वाटलेच नव्हते. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि अकरावीला अचानक इंग्रजी, असे दोन उंबरठे ओलांडताना मुलाला जे आधीपासून माहीत असते तेच मागे पडते. ‘माले समजनं नही’ हे वर्गात उभे राहून सांगण्याची लाज वाटून मी पहिले सहा महिने गप्प बसलो. आपल्या वर्गात पावरी किंवा भिली बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या वाट्याला आणखी एक उंबरठा येतो. कार्व्हर शिकवताना कृपया मुलांना आधी विचारा, की त्यांच्या घरी कोणत्या पिकानंतर कोणते पीक घेतात आणि का.

अडवणूक नेहमी गरिबीचीच असते असे नाही, हे मुलींना कळावे म्हणून जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी सांगाव्यात. दुर्गा भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा संस्थेत (आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत) शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, म्हणजे घरात विद्येची कमतरता मुळीच नव्हती. तरीही १९३३ मध्ये त्याच संस्थेने, सी. व्ही. रामन संचालक असताना, त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा पहिले वर्ष कसोटीचे राहील या अटीवर त्यांना घेतले गेले. तेथे त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी नीरेतील, म्हणजे ताडवर्गीय झाडांच्या ताज्या गोड रसातील, पोषक द्रव्यांचा अभ्यास केला आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो हे दाखवले. सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या माणसाला हा शेवटचा भाग वगळून पुढे जाणे अवघड आहे.

अगदी अलीकडचे आणि आपल्या राज्यातले उदाहरण हवे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातील चिरचाडीचे भास्कर हलामी आहेत. मोहफुले शिजवून दिवस काढलेल्या आदिवासी घरातून ते कसनसूरची आश्रमशाळा, यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरचे शासकीय विद्यानिकेतन आणि नागपूर असे शिकत गेले, अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि आरएनए या पेशींतील रेणूवर आधारित औषधांच्या संशोधनात ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. शाळांची ही साखळी मुलांना नकाशावर दाखवावी. तसे शासकीय विद्यानिकेतन आपल्याकडे धुळ्यालाही आहे.

माझ्या स्वतःच्या बाबतीत ती साखळी एकदा तुटली होती. अकरावीच्या वर्षी वसतिगृहाची यादी दिवाळीनंतर लागली, आणि रोजच्या प्रवासाला पैसे नव्हते. महाविद्यालयातील प्रयोगशाळा परिचरांनी मला आपल्या घरी नेले. दोन खोल्यांत त्यांची चार मुले होती, पाचवा मी. त्यांच्या पत्नीने साडेचार महिने माझ्यासाठी दादर ज्वारीची भाकरी जास्तीची थापली आणि त्याचा उल्लेख ना माझ्यासमोर, ना माझ्या वडिलांसमोर, एकदाही केला नाही. त्या घराशिवाय मी बारावीपर्यंत पोहोचलो नसतो, हे मला आज पूर्ण खात्रीने सांगता येते. मी काही शास्त्रज्ञ झालो नाही. पण माझे तीन विद्यार्थी आज संशोधन करत आहेत, आणि त्यांपैकी दोघांना अशाच कोणाच्या तरी घरी काही महिने काढावे लागले होते.

म्हणून त्या सातवीतील मुलीला गोष्टी सांगाच, पण तिच्या पुढच्या पायऱ्याही आतापासून पाहून ठेवा. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला तिला बसवा. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला अर्जाच्या वेळी धावपळ करून मिळत नाहीत, ते या उन्हाळ्यातच काढून घ्या. आणि तिच्या आईवडिलांकडे एकदा जाऊन आठवीपासून ती राहणार कुठे हे बोलून ठरवा. वसतिगृहाची यादी उशिरा लागली, तर मधल्या महिन्यांत ती कोणाकडे जेवेल, हेही.